मागच्यासाठी लावलेला दिवा

मोटारीला दिवे किती, असा प्रश्न वर्गात टाकला की मुलांचे हात भराभर वर होतात. पुढचे दोन मोठे, वळताना उघडझाप करणारे पिवळे, छताचा एक, काट्यांच्या तबकडीमागचा एक. मग विचारावे, यांतला कोणता दिवा कोणासाठी? पुढचे दिवे हाकणाऱ्याला रस्ता दिसावा म्हणून. तबकडीचा दिवा त्यालाच वेग वाचता यावा म्हणून. छताचा दिवा आत बसलेल्या मंडळींना पायाशी पडलेला रुमाल सापडावा म्हणून. शेवटी उरतो तो पाठीमागचा तांबडा दिवा, ब्रेकवर पाय पडला की लागणारा. कोणी त्याला ब्रेक लाइट म्हणतात, कोणी स्टॉप लाइट. हा दिवा मालकाच्या पैशाने येतो, मालकाच्या बॅटरीवर जळतो, मालकाच्याच पायाने लागतो. आणि जळताना तो मालकाला मात्र दिसत नाही. तो पाठीमागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा दिवा आहे.

या परोपकारी दिव्याचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. इंजिनाचा लिहितात, शर्यतींचा लिहितात, राजेमहाराजांच्या रोल्सरॉइस गाड्यांचा तर फार चवीने लिहितात. दिवाळीत दिव्यांचा विषय निघतोच; तेव्हा घराघरांतल्या समया-पणत्यांचे कौतुक झाल्यावर थोडी जागा याही दिव्याला द्यावी, म्हणून हा लेख.

मोटारी येण्याच्या आधीही वाहनाच्या पाठीशी दिवा होता. रात्रीच्या वाटेला लागलेल्या बैलगाडीच्या बुडाशी कंदील लोंबत असे. गाडीवान डुलक्या घेई, बैल आपल्या सवयीने चालत आणि कंदील चाकांच्या सावल्या रस्त्यावर फिरवीत जाई. आगगाडीच्या शेवटच्या डब्यालाही तांबडा दिवा असतो. तो दिसला की स्टेशनातल्या माणसाला कळते, गाडी पुरी आली, वाटेत डबे तुटून राहिले नाहीत. पण हे दोन्ही दिवे एकच गोष्ट सांगतात, ‘मी येथे आहे.’ मोटारीचा नेहमीचा मागचा दिवा, ज्याला टेल लाइट म्हणतात, तोही एवढेच सांगतो. ब्रेकचा दिवा निराळे बोलतो. ‘मी आता थांबतो आहे,’ असे तो म्हणतो. व्याकरणाच्या मास्तराने सांगायचे तर टेल लाइट हे नाम आहे आणि ब्रेक लाइट हे क्रियापद.

हे क्रियापद मोटारीला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. फोर्डची ती प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीच्या घरात खपली. तिला कारखान्यातून ब्रेकचा दिवा येत नसे. थांबणार असल्याची सूचना द्यायची ती हाताने. आपल्याकडे हाकणारा उजवीकडे बसतो, म्हणून उजवा हात खिडकीबाहेर काढायचा. वेग कमी करायचा असेल तर तळवा जमिनीकडे करून हात काही वेळा खालीवर हलवायचा. थांबायचे असेल तर कोपरापासून हात सरळ उभा धरायचा. या खुणा आपल्या सरकारने १९८९ साली केलेल्या रस्त्यांच्या नियमांतही होत्या. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा खिडकीबाहेर लोंबणारा हात ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. तो हात कधी वळण्याची खूण करी, कधी पाठीमागच्याला ‘जा बाबा’ म्हणे, कधी नुसताच वारा खाई, आणि यांतले कोणते चालले आहे हे ओळखणे ज्याच्या त्याच्या अनुभवावर असे.

हाताच्या खुणेत दोन मोठ्या खोडी होत्या. एक तर अंधारात आणि पावसात हात दिसत नाही. दुसरी खोड जास्त वाईट. माणूस सावकाश, विचारपूर्वक थांबणार असेल तेव्हाच त्याला हात बाहेर काढायची सवड असते. समोर अचानक पोर धावत आले तर दोन्ही हात चाकाला घट्ट चिकटतात. म्हणजे पाठीमागच्याला सांगण्याची सर्वांत अधिक गरज ज्या क्षणी, नेमका त्याच क्षणी हात गुंतलेला. पाय मात्र त्या क्षणी बरोबर ब्रेकवरच असतो. तेव्हा खूण करण्याचे काम हाताकडून काढून पायाकडे द्यावे, ही कल्पना आज ऐकायला फार सोपी वाटते. ती ज्यांना पहिल्यांदा सुचली त्यांत एक नटी होती.

फ्लॉरेन्स लॉरेन्स तिचे नाव. जन्म १८८६ सालचा, कॅनडातल्या हॅमिल्टन गावचा. मूकपटांचा तो काळ. बायोग्राफ नावाची कंपनी आपल्या नटनट्यांची नावे पडद्यावर देतच नसे. नाव झाले की पगार वाढवून मागतील ही भीती. लोकांना हिचा चेहरा तर पाठ झालेला, मग तिला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणू लागले. १९०९ साली कार्ल लेमली या निर्मात्याने तिला आपल्या कंपनीत घेतले. त्या सुमारास ती रस्त्यावरच्या ट्रामखाली सापडून मेल्याची वार्ता पसरली. लगेच लेमलीने जाहिरात देऊन ‘ही बातमी धादांत खोटी आहे’ असे छापले आणि तिला लोकांसमोर आणून उभे केले. वार्ता पसरवण्यातही त्याचाच हात होता असे मानतात. जाहिरातीच्या धंद्याला बुद्धी कमी पडत नाही. एवढे खरे की त्यानंतर तिचे नाव घरोघर गेले, आणि आज तिला जगातली पहिली चित्रतारका म्हणतात.

या बाईला मोटारीचे वेड होते. त्या काळी बाईने स्वतः गाडी हाकणे हेच नवलाचे, ही तर गाडीखाली शिरून दुरुस्ती करणारी. १९१४ च्या आसपास तिने आपल्या गाडीसाठी दोन युक्त्या केल्या. बटण दाबले की मागच्या बाजूला एक दांडा वर-खाली होई आणि गाडी कोणीकडे वळणार ते दाखवी. दुसरी युक्ती आपल्या विषयाची. ब्रेकचा पट्टा पायाने दाबला की मागच्या बाजूला ‘थांबा’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी उभी राही. त्यात दिवा नव्हता, पण आज जगातल्या प्रत्येक मोटारीत जे घडते त्याचे सारे मर्म त्या पाटीत होते. हाकणाऱ्याने वेगळे काही करायचे नाही. थांबण्याच्या कृतीतूनच थांबण्याची खूण निघायची.

तिने त्याचे पेटंट घेतले नाही. तिची आई शार्लट ब्रिजवुड हिने १९१७ साली पुढच्या काचेवरचे पाणी विजेने पुसण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, पण तिच्याही पदरात काही पडले नाही. मायलेकींचे हे घर मोटारीच्या धंद्याला दोन उत्तम गोष्टी सुचवून कोरडेच राहिले. मोटारवेडे लोक तेव्हा जागोजागी अशाच खटपटी करीत होते. फ्लॉरेन्सच अगदी पहिली की आणखी कोणी, यावर भांडत बसण्यात मला गोडी वाटत नाही. पुढे चित्रीकरणाच्या वेळी लागलेल्या आगीत ती भाजली, कामे कमी होत गेली, बोलपट आले, आणि १९३८ च्या डिसेंबरात हलाखीत तिने स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला. हॉलिवुडच्या स्मशानभूमीत तिच्या जागेवर कितीतरी वर्षे नावाचा दगडही नव्हता. १९९१ साली रॉडी मॅकडॉवल या नटाने स्वतःच्या खर्चाने तो बसवला. दगडावर ‘पहिली चित्रतारका’ असा उल्लेख आहे. मोटारीचा नाही.

१९२० नंतरच्या दहा वर्षांत पाटी गेली आणि दिवा आला. आरंभीचे दिवे मोठे गमतीचे होते. दिव्याच्या काचेवरच इंग्रजीत ‘स्टॉप’ ही अक्षरे कोरलेली असत. आत बल्ब लागला की शब्द उजळे. नव्या खुणेला अजून शब्दाचा टेकू लागत होता. पहिलीच्या पुस्तकात ‘कमळ’ शब्दाच्या शेजारी कमळाचे चित्र काढतात, तसेच हे. मुलाला शब्द ओळखता येऊ लागला की चित्र गळून पडते. इथे उलट झाले. चित्र पक्के झाले आणि शब्द गळाला. रंगही ठरलेला नव्हता. १९२८ च्या सुमाराच्या फोर्ड ‘मॉडेल ए’ गाडीच्या मागच्या दिव्यात तांबडी आणि पिवळसर अशा दोन काचा असत, आणि ब्रेकची खूण पिवळसर काचेतून होई. तांबडा रंग हळूहळू सर्वत्र झाला. ब्रिटनच्या कायद्याने १९३६ पासूनच्या गाड्यांना हा दिवा आवश्यक धरला आणि तोही एकच. दोन दिवे हवेत ही सक्ती १९७१ पासूनच्या गाड्यांना लागू झाली. तिथल्या फार जुन्या गाड्यांच्या मागे उजव्या अंगाला एकुलता एक दिवा दिसतो तो त्यामुळे. तो बिघाड समजू नये.

आता पायाची गोष्ट दिव्यापर्यंत जाते कशी ते पाहू, कारण पुढची हकिगत त्यावरच उभी आहे.

ज्या गाड्यांचे ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जात त्यांत काम सोपे होते. ब्रेकच्या दांडीला एक स्प्रिंग बांधलेली, स्प्रिंगच्या टोकाला विजेचा छोटा स्विच. दांडी हलली की स्प्रिंग ताणली जाई, स्विच ओढला जाई आणि दिवा लागे. पुढे माल्कम लॉकहीडने १९१७ साली तेलाच्या दाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले, १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग गाडीला तसे ब्रेक आले, आणि फोर्डसारखा हट्टी कारखानाही १९३९ साली वळला. शाळेच्या विज्ञानात पास्कलचा नियम असतो: बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. पायाने एका नळकांड्यातले तेल दाबायचे, ते नळीतून चारही चाकांकडे दाब नेते. मग कोणाच्या तरी डोक्यात आले की हाच दाब दिव्यालाही का लावू नये? नळीला एक बोंडाएवढा स्विच आट्यांनी बसवला. त्याच्या आत पातळ पडदा, पडद्याच्या पलीकडे धातूची चकती, तिच्यासमोर दोन टोके. तेलाचा दाब आला की पडदा फुगतो, चकती दोन्ही टोकांना टेकते, वीज वाहते. ‘मॉरिस मायनर’, फोक्सवागनची ‘बीटल’ अशा अनेक गाड्यांत असाच स्विच होता. नंतरच्या गाड्यांत हे प्रकरण काढून ब्रेकच्या पट्ट्याजवळच दाबबटणासारखा साधा स्विच ठेवला. पट्टा खाली गेला की बटण सुटते आणि दिवा लागतो.

तेलाच्या स्विचला एक अवगुण आहे. तो एकदम मरत नाही. एकवीस वॅटचा बल्ब बारा व्होल्टांवर पावणेदोन अँपिअर वीज घेतो. दोन बल्ब म्हणजे साडेतीन. प्रत्येक वेळी चकती टेकताना आणि सुटताना बारीक ठिणगी उडते, टोके जळत जातात. मग स्विचला जास्त दाब लागू लागतो. जोरात ब्रेक मारला तर दिवा लागतो, हलका मारला तर लागत नाही; पुढे लागतो तोही उशिरा. गाडीचा मालक रोज तीच गाडी हाकतो, ब्रेक उत्तम लागत असतात, आणि पाठीमागे आपली वाचा हळूहळू बसत चालली आहे याचा त्याला पत्ता नसतो.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांकडे साठ-पासष्ट सालची एक मोटार आहे. वडिलांकडून आलेली, बारा व्होल्टांची, तेलाच्या स्विचची. मास्तर तिला पोटच्या मुलीसारखी जपतात. काही वर्षांपूर्वी नवरात्र संपता संपता ते सहकुटुंब घाट उतरून येत होते. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबले तेव्हा पाठीमागून एक मालट्रक येऊन उभा राहिला. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, नमस्कार केला आणि म्हणाला, “काका, रागावू नका. तुमचा मागचा दिवा लागत नाही. सगळा घाटभर मी तुमच्यापासून लांब राहिलो. तीन वळणांवर पोटात गोळा आला. किती दिवस झाले?”

त्या ‘किती दिवस झाले’चे उत्तर मास्तरांपाशी नव्हते. ते असण्याचा काही मार्गच नव्हता. आठवडा असेल, वर्ष असेल. त्या अवधीत ते मुलीला घेऊन दवाखान्यात गेले होते, पावसातून रात्री-बेरात्री आले होते, आणि दर खेपेला पाठीमागून येणाऱ्याच्या सावधपणावर जगले होते. घरी आल्यावर त्यांनी मला हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावातले एक वयस्क वायरमन मिस्त्री आले. मी मदतनीस. माझे काम गाडीच्या मागे उभे राहून ‘लागला’ किंवा ‘नाही’ एवढेच ओरडायचे. मास्तर आत बसून ब्रेक दाबीत होते, मी ‘नाही, नाही’ म्हणत होतो. मिस्त्रींनी खिडकीतून डोकावून शांतपणे विचारले, “सर, किल्ली फिरवलीत का?” पुष्कळ जुन्या गाड्यांत किल्ली फिरवल्याशिवाय हा दिवा लागतच नाही. मास्तरांनी किल्ली फिरवली. तरीही नाही.

मिस्त्रींनी आधी बल्ब काढले. या बल्बात दोन तारा असतात; बारीक तार पाच वॅटची, टेल लाइटची, आणि जाड तार एकवीस वॅटची, ब्रेकची. त्यामुळे टेल लाइट लागतो म्हणजे बल्ब चांगला, असे कोणी म्हटले तर ते खरे नाही. बल्बाच्या पितळी बुडाला दोन खुंट्या असतात, एक वर, एक किंचित खाली; बल्ब उलटा बसून दोन तारांची अदलाबदल होऊ नये म्हणून ही योजना. मिस्त्रींनी बल्ब उन्हात धरले. डावा धड होता. उजव्याची जाड तार तुटून काचेत लोंबत होती. नवा बल्ब घातला. मास्तरांनी मोठ्या आशेने ब्रेक दाबला. मी म्हणालो, “नाही.”

“फ्यूज?” मास्तरांनी विचारले. मिस्त्री म्हणाले, “तुमच्या गाडीत त्याच फ्यूजवर वळायचे दिवे आहेत. ते लागतात ना? मग फ्यूज ठीक.” हा युक्तिवाद मला फार आवडला. एकही स्क्रू न काढता त्यांनी अर्धी गाडी संशयातून मोकळी केली. भूमितीच्या तासाला मुलांना हेच शिकवताना घसा कोरडा होतो.

मग त्यांनी बॉनेट उघडले, तेलाच्या स्विचच्या दोन्ही वायरी उपसल्या आणि एकमेकींना टेकवल्या. स्विचचे काम आता हाताने झाले होते. मी पाहिले तर उजवा दिवा लख्ख, आणि डावा मेणबत्तीसारखा मिणमिणता. मी म्हणालो, “दीड लागला.” मिस्त्री हसले. “म्हणजे स्विच गेलेला आहेच, पण डाव्या बाजूला आणखी काहीतरी आहे.”

स्विच बदलायचा म्हणजे नळीतले तेल सांडणार आणि नळीत हवा शिरणार. हवा राहिली तर पाय नुसता खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. म्हणजे दिवा दुरुस्त करायला गेलो आणि ब्रेक घालवून बसलो असे व्हायचे. म्हणून नवा स्विच बसवल्यावर मिस्त्रींनी चारही चाकांची हवा काढली. त्यात दोन तास गेले. वहिनींनी दोनदा चहा पाठवला. मास्तरांना पट्टा दाबायचा, धरायचा, सोडायचा याखेरीज काम नव्हते, तरी त्यांना घाम फुटला होता.

शेवटी डावा दिवा. मास्तरांनी ब्रेक दाबला की तो मंद लागे आणि गंमत म्हणजे त्याच वेळी शेजारचा वळणाचा पिवळा दिवाही अंधुक उजळे. मला वाटले वायरी कुठेतरी एकमेकींत गुंतल्या असतील. मिस्त्रींनी मान हलवली आणि म्हणाले, “याला अर्थ मिळत नाही.” क्षणभर मला कळेना की ते दिव्याबद्दल बोलत आहेत की संसाराबद्दल. मोटारीत बॅटरीपासून बल्बापर्यंत एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. त्यालाच अर्थ किंवा अर्थिंग म्हणतात. जिथे दिव्याचे घर पत्र्याला टेकते तिथे गंज चढला की विजेला घरी जायची वाट सापडत नाही. मग ती शेजारच्या दिव्याच्या तारेतून आडवाटेने परतते, आणि जाता जाता त्यालाही थोडा उजळून जाते. डिकीत शिरून मिस्त्रींनी दिव्याचे बूड सोडवले, पॉलिश पेपरने गंज घासून पत्रा चकचकीत केला आणि स्क्रू आवळला. मास्तरांनी ब्रेक दाबला. मी ओरडलो, “दोन्ही लागले!”

म्हणजे एक नव्हे, तीन बिघाड होते, आणि ते एका दिवशी झालेले नव्हते. डावीकडचा गंज बहुधा सर्वांत जुना; कितीतरी पावसाळे तो चढत असणार. तेव्हा उजवा दिवा काम चालवीत होता. मग उजव्याची तार तुटली आणि डावीकडचे मिणमिणणे तेवढे उरले. मग स्विचने मान टाकली. प्रत्येक पायरीला गाडी थोडी अधिक मुकी झाली, आणि आत बसलेल्या कुटुंबाला त्याचा आवाजही आला नाही.

चांगल्या चालणाऱ्या दिव्यानेही अपघात थांबतात किती, हा प्रश्न अमेरिकेत एका मानसशास्त्रज्ञाने विचारला. जॉन वोएव्होद्स्की त्याचे नाव. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्सींच्या मागच्या काचेशी, मध्यावर, त्याने ब्रेकचा तिसरा दिवा बसवला. १६० टॅक्सी तुलनेसाठी तशाच ठेवल्या. दहा महिने हिशेब ठेवला. १९७४ साली निकाल छापून आला: तिसरा दिवा असलेल्या टॅक्सींना पाठीमागून बसणाऱ्या टकरी ६०.६ टक्के कमी. विश्वास बसू नये असा आकडा. दिवा डोळ्यांच्या पातळीवर असतो, मध्ये दुसरी गाडी असली तरी तिच्या काचांतून दिसतो, आणि टेल लाइटशी त्याची गल्लत होत नाही. कारणे पटण्यासारखी होती. अमेरिकन सरकारने १९८६ सालच्या नमुन्यांपासून प्रत्येक नव्या मोटारीला तो सक्तीचा केला.

मग वर्षामागून वर्षे मोजणी झाली. १९८७ मध्ये टकरी सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी भरल्या. १९८९ नंतरच्या वर्षांत हा आकडा ४.३ वर येऊन स्थिरावला. साठाचे चार झाले! टॅक्सींच्या प्रयोगात तो दिवा रस्त्यावर नवा होता. नवी वस्तू दिसली की नजर तिच्याकडे जातेच. सर्वांना तो मिळाल्यावर कोणाच्या डोळ्यांत भरेनासा झाला. दिवाळीच्या पहिल्या रात्री आपण प्रत्येक आकाशकंदिलाकडे मान वर करून पाहतो आणि भाऊबीजेला पाहत नाही, तसेच. मात्र या चार टक्क्यांना हसू नये. सर्व गाड्यांना तो दिवा बसला की एकट्या अमेरिकेत वर्षाला दोन लाखांच्या आसपास टकरी टळतात, असा त्याच अभ्यासाचा हिशेब होता. दिव्याची किंमत थोड्या डॉलरांची. एवढ्या स्वस्तात एवढे काम करणारी वस्तू मोटारीत दुसरी नसेल.

अलीकडे तारेचा बल्ब जाऊन एलईडी आली. जुन्या बल्बाची तार तापून लाल व्हायला आणि मग पुरती उजळायला वेळ लागतो. एलईडी त्याच्या सुमारे एक पंचमांश सेकंद आधी लागते. एक पंचमांश सेकंद म्हणजे जेमतेम पापणी लवण्याइतका वेळ. पण ताशी साठ किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात सव्वातीन मीटर पुढे सरकलेली असते. पाठीमागच्या माणसाला सव्वातीन मीटर लवकर कळले, तर अनेकदा बंपर आणि बंपर यांच्यात तेवढेच अंतर उरते. आता जुन्या गाडीतला गंजलेला अर्थ आठवा. तिथे तार धड तापतही नाही.

आपल्या रस्त्यांवरून जुन्या गाड्या ओसरत चालल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली ‘फियाट’, पुढे ‘पद्मिनी’ नावाने ओळखली गेलेली, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे जणू दुसरे नावच झाली होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही थांबली. ‘अँबॅसडर’चे उत्पादन त्याआधीच, २०१४ साली बंद पडले होते. तरीही हौशी लोकांकडे, लहान गावांत, वाड्यांच्या पडव्यांत अशा गाड्या आहेत आणि सणासुदीला त्या बाहेर निघतात. नव्या गाड्यांपैकी काहींत बल्ब गेला तर समोरच्या तबकडीवर सूचना येते. जुन्या गाडीत तशी सोय नाही, तेव्हा ती आपण करायची.

त्याला मिस्त्री लागत नाही. कोणी मागे उभे राहणारे असेल तर उत्तमच. घरातले सात-आठ वर्षांचे पोर हे काम फार आवडीने करते. एकटे असाल तर मास्तरांचा उपाय आहे. ते ड्रॉइंगची टी-पट्टी आसन आणि ब्रेकचा पट्टा यांच्यामध्ये अडकवतात आणि खाली उतरून स्वतःच मागे जाऊन पाहतात. केरसुणीचा दांडाही चालतो. तेही नको असेल तर तिन्हीसांजेला गाडी पाठमोरी करून पांढऱ्या भिंतीपासून दोन हातांवर उभी करावी, किल्ली फिरवावी, आधी पाय हलका ठेवून आणि मग जोराने दाबून आरशात पाहावे. भिंतीवर दोन तांबडे ठिपके दिसायला हवेत, सारखे उजळ, आणि हलक्या पायालाही. जोराच्या पायालाच दिसले तर स्विच म्हातारा झाला. एक ठिपका मंद असेल तर त्या बाजूचा पत्रा घासावा. एकच दिसला तर आधी बल्ब उन्हात धरावा.